आधी एकदा आमच्या वाड्यात या : वारसा संवर्धन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
शहर वारसा संवर्धन समिती

विषय : वारसा यादीतल्या राहत्या घरांसाठी काढलेले नवे परिपत्रक मागे घेण्याबाबत व दुरुस्तीची परवानगी वेळेत देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला आता ३४ वर्षं झाली. शहराचं नाव आणि घर क्रमांक आपल्याला पाठवलेल्या प्रतीवर आहे. इथे मुद्दाम घातलेला नाही. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, वाईत, जिथे जिथे कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताची घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहताहेत, तिथल्या लोकांना हे पत्र आपलंच वाटावं म्हणून.

गेल्या महिन्यात आपण परिपत्रक काढलंत. यादीतलं घर कुठल्याही श्रेणीचं असो, आतला किंवा बाहेरचा कोणताही बदल करायचा तर आधी समितीची मंजुरी हवी. कौलं बदलायची असोत, दार रंगवायचं असो, न्हाणीघराची फरशी असो की जिन्याची एक पायरी. अर्जासोबत संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचे मोजणी नकाशे, चारी बाजूंचे फोटो, वारसा परिणाम अहवाल आणि मालमत्ता पत्रकावर असतील तेवढ्या सगळ्यांच्या संमतीच्या सह्या. मंजुरीशिवाय काम सुरू केलं तर काम बंद, वर दंड.

हे वाचलं आणि मला आमच्या माजघरातली तुळई, म्हणजे छताचा भार पेलणारं जाड आडवं लाकूड, आठवली. पत्र त्या तुळईमुळेच लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी वारसा यादीच्या विरोधात नाही. आमचा वाडा यादीत आला त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी शिरा करून चौकात सगळ्यांना वाटला होता, भाडेकरूंसकट. दिंडी दरवाज्यातून वाकून आत आलं की देवडी, मग चौक, चौकाच्या चारी बाजूंना ओसरी, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, त्यांच्या खाली दगडी तळखडे. दोन खांबांमध्ये महिरप. तिच्यावरच्या एका पोपटाची चोच कधीतरी तुटली आहे आणि घरातली चार पिढ्यांची मुलं तिथे बोट लावत मोठी झाली आहेत. हे घर टिकावं असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. आम्ही त्यात झोपतो.

आता तुळईची गोष्ट.

२०२३ च्या दिवाळीची साफसफाई चालू असताना माजघरावरच्या कडीपाटातून बारीक भुसा पडताना दिसला. आमचे सुतार आले. त्यांचे वडील आणि आजोबाही याच वाड्यात काम करून गेलेत. शिडीवर चढून त्यांनी हातोडीच्या दांड्याने तुळई एका बाजूने ठोकत नेली. मधोमध ठणठणीत आवाज. भिंतीकडे सरकले तसा आवाज बसत गेला, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर पार पोकळ झाला. त्यांनी तिथे पेचकस टेकवला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला चहाच्या चोथ्यासारखा ओला काळा लगदा होता. तो त्यांनी खाली उभ्या असलेल्या माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘वहिनी, बाकीची तुळई अजून शंभर वर्षं काढेल. हे टोक तेवढं गेलंय. पावसाच्या आत जोड दिला तर काही होत नाही.’

काम त्यांनी समजावून सांगितलं. दोन टेकू लावून भार उचलायचा. कुजलेला दीड-दोन हात तुकडा तिरका कापायचा. तशाच तिरक्या सांध्यात जुन्या सागवानाचा जोड बसवायचा, लाकडी खुंट्या मारायच्या, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या. भिंतीत टोक जातं तिथे खाली दगड, आजूबाजूला चुना, आणि लाकडाला हवा लागेल एवढी जागा मोकळी. चार माणसं, आठ दिवस, ३८ हजार रुपये. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काहीही दिसलं नसतं. घराच्या रूपात केसाचाही फरक पडला नसता.

आम्ही नियमाने चालणारी माणसं. ९ जानेवारी २०२४ ला अर्ज दिला.

फेब्रुवारीतली बैठक गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्रुटीपत्र आलं की नकाशे संवर्धन वास्तुविशारदाचे नाहीत. असे वास्तुविशारद आमच्या शहरात नाहीत. १२० किलोमीटरवरून बोलवावे लागले. त्यांची फी ४५ हजार, म्हणजे दुरुस्तीपेक्षा जास्त. मग सह्या. आमच्या मालमत्ता पत्रकावर ११ नावं आहेत. त्यातली चार माणसं वारली, त्यांच्या वारसनोंदी अर्धवट. एक चुलत दीर न्यू जर्सीत, एक नणंद बंगळुरात. संमतीपत्रं येईपर्यंत १६ मार्च उजाडला, लोकसभेची आचारसंहिता लागली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की आता बैठक निकालानंतर. माजघरातल्या एका तुळईच्या जोडाने कुठल्या मतदाराला कसलं आमिष दाखवलं जाणार होतं, हे मी तेव्हा टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही. नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवकच नाही; मुदत संपलेली, प्रशासक बसलेले.

जूनच्या शेवटी बैठक झाली. आमचा विषय सतरावा होता. बैठक तेराव्यावर थांबली.

२३ जुलैच्या रात्री पावणेतीनच्या सुमारास ती तुळई भिंतीतून निसटली. आवाज फारसा झाला नाही. आधी मोठा सुस्कारा सोडल्यासारखा, मग फळ्या, मग वरची माती. पांढऱ्या मातीचा एवढा धुरळा उठला की दिवा लावल्यावरही पलीकडची भिंत दिसेना. त्या ढिगाऱ्याखाली सासूबाईंचा पलंग होता. संध्याकाळी डोक्यावर गळायला लागलं म्हणून आम्ही त्यांची गादी ओसरीवर आणली होती, एवढ्यानेच त्या वाचल्या. त्या ८४ वर्षांच्या आहेत. बराच वेळ त्या एकच विचारत होत्या, देव कुठे आहेत, देव काढले का.

तिसऱ्या दिवशी धोकादायक इमारतीची नोटीस आली. अधिकारी स्वतः आले, फोटो काढले, दरवाज्यावर कागद चिकटवला.

हे मी रागाने लिहीत नाही, पण आपण हे नीट वाचावं असं वाटतं. जोड देण्यासाठी आम्ही सहा महिने खेपा घातल्या, त्या काळात एकही माणूस वाड्यात आला नाही. वाडा रिकामा करा, पाडा, असं सांगायला तीन दिवसांत आले. माझं सगळं गाऱ्हाणं एवढंच आहे. आजच्या पद्धतीत जुनं घर दुरुस्त करणं अवघड आणि पाडणं सोपं झालं आहे. नव्या परिपत्रकाने ते आणखी तसंच होणार आहे.

आमच्या उजव्या हाताचा वाडा घ्या. तोही यादीत होता, श्रेणी तीन, आमच्यासारखाच. मालकांनी आठ वर्षं एकही कौल बदललं नाही. फुटलेल्या पन्हळीचं पाणी भिंतीवरून वाहत राहिलं, आम्ही सांगूनही. मग एक दिवस संरचना तपासणीचा अहवाल आला, इमारत ‘सी-१’ म्हणजे तातडीने पाडण्याजोगी. महिन्याभरात वाडा जमीनदोस्त. नक्षीदार खांब ट्रकमध्ये चढताना मी पाहिले. कुठल्याशा रिसॉर्टला गेले असं ऐकलं. आता तिथे पाच मजले उभे आहेत आणि दर्शनी भागाला फायबरच्या महिरपी लावलेल्या आहेत, कारण ‘परिसराशी सुसंगत दर्शनी भाग’ ही अट होती. त्या महिरपींना मंजुरी मिळाली. आमच्या खऱ्या तुळईला मिळाली नाही.

त्या मालकांना मी पूर्ण दोष देत नाही. पण दुर्लक्ष करणाऱ्याला बक्षीस आणि सांभाळणाऱ्याला त्रुटीपत्र, असा हिशेब झाला की पेठेतले बाकीचे काय शिकणार?

आता नियमांकडे येते. मी वकील नाही. बँकेत कारकून होते, कागद वाचायची सवय आहे एवढंच. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली आणि पुढे राज्यातल्या इतर शहरांसाठी तोच साचा वापरला गेला. त्यात श्रेणी ठरवण्यामागे विचार आहे. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. तिथे बळकटीसाठी आवश्यक असेल तेवढंच काम, बाकी हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल साधारणपणे चालतात, बाहेरच्या बदलांची छाननी. तिसऱ्या श्रेणीत गल्लीला, परिसराला ज्यांच्यामुळे रूप आहे अशी घरं. त्यांत आतले आणि बाहेरचेही बदल, नवा वापर, इतकंच काय वाढीव बांधकामसुद्धा साधारणपणे चालतं; फक्त उंची आणि दर्शनी भाग परिसराशी जुळता हवा. म्हणजे ज्यांनी नियम केले त्यांना हे पक्कं माहीत होतं की स्मारक वेगळं आणि राहतं घर वेगळं. आपल्या परिपत्रकाने तिन्ही श्रेणी एका पंक्तीला बसवल्या. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारख्या स्मारकाला जो नियम तोच आमच्या न्हाणीघराला.

न्हाणीघरावरून आठवलं. तुळई पडण्याच्या दोन वर्षं आधी आम्ही सासूबाईंसाठी तळमजल्यावर संडास मागितला होता. आमचे संडास परसात, तीन पायऱ्या उतरून, पावसाळ्यात शेवाळलेले. ओसरीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी सरपण ठेवायचे, तिथे पाच बाय चारची खोली. रस्त्यावरून दिसणार नाही, चौकातूनही दिसणार नाही, एकाही खांबाला धक्का नाही. अर्ज नामंजूर झाला, कारण ओसरीचं मूळ स्वरूप बदलतं. आजही त्या कुणाचातरी हात धरून परसात जातात. रात्री मी उठते. ज्या घरात म्हातारं माणूस संडासाला जाऊ शकत नाही ते घर पुढची पिढी ठेवणार नाही, विकेल. माझा मुलगा हे तोंडावर बोलून दाखवतो आणि मला त्याला उत्तर देता येत नाही.

दुसरी तक्रार ज्ञानाची आहे, आणि तिच्यात आमचीही चूक आहे. ती लपवत नाही.

ती तुळई का कुजली? १९८७ साली सासऱ्यांनी उत्तरेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्या वेळी ते मोठ्या सुधारणेचं काम वाटलं होतं. भिंत कशी गुळगुळीत, पांढरी. ती भिंत विटा-माती-चुन्याची, दोन हात जाड. अशी भिंत पाणी पिते आणि पाऊस उघडला की ते परत हवेला देऊन टाकते. सिमेंटने तिचं नाक-तोंड बंद केलं. गिलाव्याला बारीक तडे गेले, त्यातून पाणी आत शिरत राहिलं, जोत्याकडून ओल वर चढत राहिली, आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून भिंतीतच मुरली. भिंतीत खोचलेली तुळईची टोकं ३६ वर्षं त्या ओलीत होती. बाहेरून दिसणारं लाकूड चकचकीत, आतलं टोक लगदा. हे मला सुतारांनी त्या दिवशी समजावलं. तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांनी घर बिघडावं म्हणून सिमेंट लावलं नव्हतं, घर टिकावं म्हणूनच लावलं होतं.

तेव्हा यादी नव्हती, समिती नव्हती. पण आज समिती आहे आणि तरीही तेच चालू आहे. आमच्याच गल्लीत गेल्या उन्हाळ्यात दोन वाड्यांना सिमेंटचा गिलावा झाला. आपल्या परिपत्रकात दारा-खिडक्यांच्या रंगावर, दुकानाच्या फलकावर, वातानुकूलन यंत्राच्या जागेवर दोन पानं आहेत. चुन्यावर एक ओळ नाही. कडीपाटाच्या दुरुस्तीवर एक ओळ नाही. कळीचा चुना किती दिवस भिजवून मुरवायचा, त्यात वाळू किती आणि विटेची भुकटी किती, गिलावा किती जाड ठेवायचा, तो वाळताना गोणपाट बांधून किती दिवस ओला ठेवायचा, हे सांगणारा कागद पेठेतल्या एकाही घरात नाही. ज्यांना हे येतं असे गवंडी आमच्या शहरात आता दोन राहिलेत, दोघेही साठीच्या पुढचे. आम्हाला काय करू नका ते कळतं. कसं करा ते कुणी सांगत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. आमच्या वाड्यात दोन भाडेकरू कुटुंबं आहेत, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची. भाडेनियंत्रण कायद्याने भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं. पण मुळातच रक्कम इतकी लहान की दोघांचं मिळून वर्षाचं भाडं एका दिवसाच्या सुतारकामाला पुरत नाही. त्यांना काढावं असं आमच्या मनातही नाही. तुळई पडली तेव्हा ढिगारा उपसायला तेच आधी धावले. वारसा नियमांत दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी उभारता येईल अशी तरतूद १९९५ च्या साच्यापासून आहे. मालकांना त्यातून हातभार देता यावा हाच तिचा हेतू. आमच्या शहरात त्या निधीत किती रुपये जमा झाले, हे मी माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं, ‘निरंक’. हस्तांतरणीय विकास हक्काचं, म्हणजे जुन्या घरावर न करता येणाऱ्या बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकण्याचं, मला माहीत आहे. पण तो कागद विकासकाला विकला तरच पैसा होतो, तो मिळवायलाही वर्षं जातात, आणि ज्याला बांधायचं काही नाही, फक्त एक तुळई वाचवायची आहे, त्याला ती वाट लांबची पडते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. २०१२ च्या जुलैअखेरीस मुंबई महापालिकेने वारसा यादीत आणखी ८६८ नावं घालण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा दादर आणि शिवाजी पार्क भागातले रहिवासी खवळून उठले. त्या लोकांना आपल्या इमारतींचं प्रेम नव्हतं म्हणून नाही. यादीत नाव गेलं की आपल्या घराची दोरी दुसऱ्याच्या हातात जाते, ही भीती होती. गिरगावातली खोताची वाडी कित्येक वर्षं वारसा परिसर म्हणून ओळखली जाते, मुंबई पाहायला आलेली माणसं मुद्दाम तिथे जातात. तरीही तिथल्या साधारण पासष्ट जुन्या घरांपैकी निम्मीही आज उरलेली नाहीत. नुसत्या यादीने घर टिकत नाही. राहणाऱ्या माणसाला ते टिकवणं परवडलं, जमलं, तर टिकतं.

हे जमवता येतं. पुदुच्चेरीत वैश्याळ स्ट्रीट नावाची जुनी तमिळ घरांची गल्ली आहे. तिथे इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने युरोपीय संघाच्या मदतीने घरमालकांना सोबत घेऊन रस्त्यावरचे ओटे, लाकडी खांबांचे व्हरांडे, दर्शनी भाग एकापाठोपाठ एक दुरुस्त केले. त्या कामाला २००८ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तिथे कुणी घराघरात दंडाची नोटीस घेऊन गेलं नाही. आराखडा आणि मदत घेऊन गेलं. एक गल्ली होती ती. आपल्या पेठेतही एका गल्लीपासून सुरुवात होऊ शकते.

आपली बाजू मला समजत नाही असं नाही. नियम ढिले केले की उद्या कुणीतरी ‘दुरुस्ती’ म्हणून खांब काढेल, लोखंडी शटर बसवेल, ओसरीत गाळे पाडेल. असं करणारे आहेत, आमच्या पेठेतही आहेत. त्यांना जरूर अडवा. पण त्यांना अडवण्यासाठी लावलेल्या जाळ्यात अर्ज करून, रांगेत उभं राहून, फी भरून वाट पाहणारेच अडकताहेत. ज्याला खांब काढायचा असतो तो रात्रीत काढतो. तो आपल्याकडे अर्ज घेऊन येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या. पेठेतल्या २३ घरांनी एकत्र बसून त्या ठरवल्या आहेत. सह्यांचा कागद सोबत आहे.

परिपत्रक मागे घ्या. ते लावायचंच असेल तर आधी मसुदा मराठीत प्रसिद्ध करा, हरकती-सूचना मागवा आणि पेठेत येऊन सुनावणी घ्या. ज्यांच्या घरांबद्दल निर्णय होतो त्यांना तो वर्तमानपत्रातून कळू नये.

जे होतं ते तसंच, त्याच सामग्रीत दुरुस्त करायचं असेल, म्हणजे कौलाला कौल, लाकडाला लाकूड, चुन्याला चुना, तर त्याला परवानगीची अट नको. आम्ही आधी कळवू, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो देऊ. खोटं निघालं तर दंड लावा, आमची हरकत नाही. तिसऱ्या श्रेणीच्या घरांतल्या संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर अशा आतल्या सोयींना, खांब-तुळई-महिरपींना हात लागत नसेल तर, हीच मुभा हवी.

ज्याला परवानगी लागतेच त्यासाठी मुदत ठरवा. ३० दिवसांत निर्णय नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. पाऊस, भिंतीचा फुगवटा, कुजलेली तुळई अशी निकड असेल तर १५ दिवस. बैठक नाही, गणपूर्ती नाही, आचारसंहिता आहे, ही कारणं दुरुस्तीच्या कामाला लावू नयेत. समितीवर संरचना अभियंता असतोच. निकडीच्या कामात त्यांनी एकट्याने पाहून सही करावी.

प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय अर्ज नामंजूर करू नका. आणि याच्या उलट बाजूनेही, यादीतल्या घराला ‘सी-१’ ठरवणारा अहवाल आला तर समितीच्या अभियंत्याने स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पाडण्याची परवानगी देऊ नका. टेकू लावून वाचत असेल तर आधी टेकू लावा, खर्च नंतर मालकाकडून वसूल करा. मुद्दाम गळू दिलेल्या घराच्या जागी वाढीव मजले मिळणार नाहीत, असा नियम करा. ही एक मागणी मान्य झाली तरी निम्मे वाडे वाचतील असं मला वाटतं.

सह्यांची अट सैल करा. जो सहमालक घरात राहतो आणि घरपट्टी भरतो त्याची सही दुरुस्तीला पुरेशी धरा. जोड दिल्याने कुणाचाही हिस्सा कमी होत नाही.

दुरुस्ती निधीत पैसे घाला. पेठेत ज्या नव्या इमारती उभ्या राहताहेत त्यांच्या विकास शुल्कातला थोडा वाटा त्याच पेठेतल्या जुन्या घरांसाठी वेगळा ठेवा. मोठी रक्कम नको. पन्नास हजार, लाख रुपये वेळेवर मिळाले तर एक माजघर वाचतं.

आठवड्यातून एक दिवस समितीच्या वास्तुविशारदांनी पेठेत बसावं, फी न घेता नकाशा आणि सल्ला द्यावा. चुना, माती, कौलं, कडीपाट यांच्या दुरुस्तीची चित्रांसह छोटी पुस्तिका काढा. ते दोन गवंडी आणि आमचे सुतार अजून हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांच्या हाताखाली चार तरुण मुलं पगार देऊन ठेवा. आणि समितीवर एक कारागीर आणि एक रहिवासी घ्या. बैठकीचं इतिवृत्त मराठीत, सूचनाफलकावर, आठ दिवसांत लावा.

आमच्या वाड्याचं आता असं आहे. पडलेल्या दालनावर ताडपत्री आहे. अभियंत्यांकडून उत्तरेची भिंत सोडून बाकी वाडा सुस्थितीत असल्याचा अहवाल घेतला, तेव्हा नोटिशीला स्थगिती मिळाली. ३८ हजारांचं काम आता सव्वाचार लाखांवर गेलं आहे. माझ्या निवृत्तीच्या पैशातून ते करायचं ठरवलं आहे. माजघराचं दार आम्ही खिळे मारून बंद केलं आहे, सासूबाई मात्र रोज सकाळी त्या दारासमोर रांगोळीची चार बोटं ओढतात.

त्याच भिंतीत आणखी एक तुळई आहे, पहिलीला समांतर, बारा फुटांवर. परवा सुतारांनी तिच्यावरही दांडा ठोकून पाहिला. भिंतीजवळ आवाज बसायला लागला आहे, पण पोकळ झालेला नाही. पेचकस दोन बोटंच आत जातो. म्हणजे अजून वेळ आहे.

तिच्या दुरुस्तीचा अर्ज या पत्रासोबत जोडला आहे, सगळे नकाशे आणि सातही सह्यांसकट. मृगाला अडीच महिने आहेत. कामाला आठ दिवस लागतात, चुना मुरायला त्याआधी तीन आठवडे; चुना आम्ही कालच भिजत घातला आहे. येत्या कुठल्याही रविवारी आपण या. शिडी देवडीत ठेवलेली असेल, सुतारही येतील. आपल्यापैकी कुणीतरी स्वतः वर चढून तुळईवर दांडा ठोकून पाहावा, एवढी विनंती आहे.

आपली,
पेठेतल्या वाड्यातली एक रहिवासी
(सोबत : अर्ज, नकाशे, अभियंत्यांचा अहवाल, २३ घरांच्या सह्या)